महागड्या घड्याळात क्वार्ट्झ: रोलेक्स, ओमेगावाले परत मनावर घेतील का?

पावणेसात

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो, जरा लांबेल.

वडिलांचं एचएमटी जनता आहे माझ्याकडे, रोज सकाळी आंघोळ झाली की चावी द्यायची आणि घालायचं, वीस वर्षं हेच चाललंय. आता पुढच्या वर्षी पन्नाशी, तर एकदाच म्हणून एक खरोखर चांगलं घड्याळ घ्यायचं ठरवलंय, घरूनही परवानगी मिळालीय. दुकानात जाऊन सात-आठ बघितली आणि मन बसलं ते एका ग्रँड सेकोवर. साधी पांढरी डायल, लांबसडक काटे, आणि सेकंदकाटा दर सेकंदाला बरोबर खुणेवर येऊन असा बसत होता की जरासुद्धा थरथर नाही. मग कळलं की हे क्वार्ट्झ आहे, आत नाइन-एफ मशीन. ऑफिसातल्या मित्राला सांगितलं तर तो पहिलं वाक्य हेच म्हणाला की अरे सेलचं घड्याळ ते, त्याला एवढे पैसे कोण घालतं.

तेव्हापासून वाचतोय. रोलेक्सने २०२५ च्या एप्रिलमध्ये लँड-ड्वेलर आणलं, त्याची केस (बाहेरची डबी) आणि सलग पट्टा बघितला की रोलेक्सचंच जुनं सेलचं ऑयस्टरक्वार्ट्झ आठवतं, पण आत बसवलंय ते हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं ऑटोमॅटिक, चक्रं अडवून सोडणारी यंत्रणा, म्हणजे एस्केपमेंट, तेवढी नवीन. म्हणजे अंगरखा क्वार्ट्झचा घेतला आणि मशीन मात्र नाही घेतलं. हे मला फार लागलं, का ते नीट सांगता येत नाही.

तर प्रश्न असा की स्विस बडी मंडळी पुन्हा कधी जीव ओतून क्वार्ट्झ बनवतील असं तुम्हाला वाटतं का? आणि बनवलंच तर ते कसं असेल? माझा आपला अंदाज असा की बनवतील, पण त्यात सेल नसेल. तुमचे अंदाज सांगा, आणि ज्यांनी अशी घड्याळं वापरलीत किंवा उघडलीत त्यांनी तर नक्की लिहा.

---

बत्तीसहजार

पहिलं म्हणजे तुमच्या मित्राला सांगा की क्वार्ट्झ जन्मालाच महाग आलं. २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत सेकोने अ‍ॅस्ट्रॉन विकायला काढलं, सोन्याची केस, किंमत ४,५०,००० येन, त्या काळात तेवढ्यात टोयोटा कोरोला यायची. महिन्याला पाच सेकंदांची चूक, आणि तेव्हाची भली भली चावीची घड्याळं तेवढी चूक एका दिवसात करायची. स्विस लोकही झोपलेले नव्हते बरं का, स्वित्झर्लंडात न्यूशातेलला १९६२ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी मिळून एक प्रयोगशाळा काढली होती, तिथूनच बीटा-२१ हे मशीन आलं आणि १९७० च्या बाझल प्रदर्शनात ओमेगा, पाटेक, आयडब्ल्यूसी, पियाजे, रोलेक्स अशा सगळ्यांनी ते आपापल्या केसमध्ये घालून मांडलं. रोलेक्सचं त्यातलं ५१०० तर अठरा कॅरेटच्या सोन्यात होतं, वजनाला चांगलं दणदणीत. पुढे १९७४ मध्ये ओमेगाने २४ लाख हर्ट्झचं (म्हणजे आतला स्फटिक सेकंदाला तेवढ्या वेळा थरथरणारं) मेगाक्वार्ट्झ काढलं, मरीन क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं अचूक घड्याळ म्हणून प्रमाणपत्र मिळालेलं पहिलं मनगटी घड्याळ ते. म्हणजे सत्तरच्या दशकात कोणी म्हणालं असतं की क्वार्ट्झ हलक्या दर्जाचं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आता तांत्रिक भाग, कारण अंदाज बांधायचा तर तो इथूनच बांधावा लागतो. साध्या क्वार्ट्झमधला, सेलच्या विजेवर थरथरून वेळ मोजणारा स्फटिक चिमट्यासारख्या आकाराचा असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा का? कारण त्याला पंधरा वेळा निम्मं करत गेलात की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. शिवाय हा आवाज माणसाला ऐकू येण्याच्या पलीकडचा, आणि वीजही थोडीच लागते. अडचण एकच, तापमान. हा स्फटिक साधारण २५ अंशाला सगळ्यात खरा चालतो, गरम झाला तरी मागे पडतो आणि गार झाला तरी मागेच पडतो, आणि फरक वर्गाने वाढतो, म्हणजे दुप्पट अंशांना चौपट चूक. हिशोब करून बघा, नागपुरात मे महिन्यात कपाटात ४२ अंशाला घड्याळ पडून राहिलं तर दिवसाला जवळजवळ पाऊण ते एक सेकंद मागे पडेल, महिन्याला पंचवीसेक सेकंद. तेच मनगटावर असेल तर शरीरच त्याला बऱ्यापैकी एकसारखं ठेवतं. माझे काका तिकडेच असतात, त्यांची कायम तक्रार की उन्हाळ्यात घड्याळ मागे पडतं आणि सेल बदलला तरी सुधारत नाही. घड्याळाचा काही दोष नव्हता, ते वापरतच नव्हते, ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचे.

महागडं क्वार्ट्झ आणि साधं क्वार्ट्झ यातला पहिला खरा फरक इथे आहे. नाइन-एफ दिवसातून ५४० वेळा आतलं तापमान मोजतं आणि तेवढी दुरुस्ती करून ठोका देतं. स्फटिक आधी तीन महिने चालवून मुरवतात आणि त्यातले वळणावर राहिलेले तेवढे निवडतात. म्हणून वर्षाला दहा सेकंद. सिटिझनने २०१९ मध्ये कॅलिबर ०१०० काढलं ते तर वर्षाला एक सेकंद, वर्षाला! त्यात चिमट्याच्या आकाराचा स्फटिकच नाही, वेगळा कापलेला ८४ लाख हर्ट्झचा आहे, आणि चालतं उजेडावर.

माझा अंदाज पुढच्या पोस्टमध्ये टाकतो, आत्ता मीटिंग आहे.

---

भिंग_आणि_चिमटा

आमचं दुकान तिसऱ्या पिढीचं आहे, आजोबा फक्त चावीची करायचे, वडिलांनी सेलची सुरू केली, मी दोन्ही करतो, तर उघडून बघितलेलं सांगतो.

साहेब, तुम्ही तो सेकंदकाटा बघून भुललात ते अगदी बरोबर भुललात. साध्या सेलच्या मशीनमध्ये चक्रांच्या दात्यात थोडी ढील असते, त्यामुळे काटा टिक केल्यावर जरा थरथरतो, आणि खुणेवर न बसता जरा मागेपुढे बसतो. नाइन-एफमध्ये त्या चक्रावर केसाएवढी बारीक स्प्रिंग लावलीय, ती कायम हलकासा ताण धरून ठेवते म्हणून काटा बसतो तो बसतोच. दुसरं काट्यांचं वजन. सेलच्या मोटरला ताकद कमी म्हणून साध्या घड्याळात काटे पत्र्यासारखे पातळ असतात, बघितल्याबरोबर कळतं. ह्यांनी मोटरला एका सेकंदात एकाऐवजी दोन झटके द्यायची युक्ती केली, दोन्ही इतके पटकन की डोळ्याला एकच दिसतो, आणि त्यामुळे जाड कोरलेले काटे ओढता येतात. तारीखही मध्यरात्री पापणी लवायच्या आत पडते, तास-दीड तास अर्धवट लटकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते उघडता येतं. स्क्रू आहेत, धातूची चक्रं आहेत, साफ करून तेल घालून परत बसवता येतं. माझ्याकडे रोज जी सेलची मशीन येतात त्यातली निम्मी प्लॅस्टिकची, दाबून बसवलेली, ती बिघडली की मी उघडतसुद्धा नाही, अख्खं मशीन बदलतो, तेच स्वस्त पडतं.

आता माझी कळकळ सांगतो. दोनेक वर्षांमागे एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांच्या लग्नातलं सोन्याचं घड्याळ, मोठ्या स्विस घराण्याचं, आत क्वार्ट्झ. सेल कित्येक वर्षं आत तसाच राहून फुटलेला, त्याचं पाणी सर्किटवर गेलेलं. चक्रं ठीक, कॉइलसुद्धा ठीक, फक्त सर्किट गेलेलं. कंपनीकडे विचारणा केली तर म्हणे हा भाग आता येत नाही, मशीनच मिळत नाही, हवं तर केस ठेवून घ्या. गृहस्थ खुर्चीत बसून राहिले, मला काय बोलावं कळेना. त्याच आठवड्यात माझ्याकडे १९५० च्या आसपासचं एक चावीचं आलं होतं, त्याच्या बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चक्राचा दांडा मी लेथवर नवा करून बसवला आणि ते चालायला लागलं. दांडा मी करू शकतो, सर्किट नाही करू शकत. म्हणून महाग क्वार्ट्झ बनवा की न बनवा हा प्रश्न माझ्यासाठी नंतरचा, पहिला प्रश्न हा की पन्नास वर्षांनी त्याचं सर्किट कोण देणार. हे जे लिहून देतील त्यांना मी मानेन.

---

आभा_ठाणे

मला मूळ प्रश्नच जरा खटकला. "परत मनावर घेतील का" म्हणजे ते गेले कधी होते? बायकांच्या घड्याळांच्या काचेच्या कपाटात जाऊन बघा, एकूण एक ब्रँड क्वार्ट्झ विकतोय आणि लाखांत विकतोय. पाटेकचं ट्वेंटी-फोर १९९९ मध्ये आलं ते क्वार्ट्झच, त्यात ऑटोमॅटिक मिळायला २०१८ उजाडलं. कार्टियेचं टँक घ्या, बहुतेक जणींच्या हातात क्वार्ट्झच. पुरुषांच्या चर्चेत ते मोजलंच जात नाही एवढंच.

आणि मला राग कशाचा येतो सांगू का, क्वार्ट्झ दिल्याचा नाही येत. राग याचा की बायकांना काय, चालतंय, दिसायला छान आहे ना, बास, म्हणून आत कुठलंही साधं मशीन घालायचं आणि बाहेर हिरे लावायचे. मी गेल्या वर्षी एका शोरूममध्ये विचारलं की यात मशीन कुठलं, वर्षाला किती चुकतं, सेल किती वर्षं जातो, तर त्या माणसाकडे एकाचंही उत्तर नव्हतं, तो मला पट्ट्याचे रंग दाखवत राहिला.

ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी काय केलं बघा. एफ. पी. जूर्न म्हणून जिनिव्हाचे, वर्षाला मोजकीच घड्याळं करणारे, त्यांनी मुद्दाम बायकांसाठी एलेगांत काढलं. घड्याळ ३५ मिनिटं हललं नाही की काटे थांबतात, आत चिप वेळ मोजत राहते, आणि तुम्ही हातात घेतलंत की काटे जवळच्या वाटेने फिरून बरोबर वेळेवर येतात. रोज घातलं तर सेल आठ-दहा वर्षं आणि ठेवून दिलं तर अठरापर्यंत जातो म्हणतात. आणि ते इतकं आवडलं की त्यांना पुरुषांच्या मापातही काढावं लागलं! कार्टियेने २०२१ मध्ये टँक मस्ट सोलारबीट आणलं, त्यात डायलवरच्या रोमन आकड्यांना अगदी बारीक भोकं पाडलीत, उजेड तिथून आत जातो, डायल बघून कोणाला कळणारही नाही. सोळा वर्षं उघडायला नको.

भविष्य बघायचं असेल तर इकडे बघा. मला तर वाटतं चांगलं क्वार्ट्झ आधी बायकांच्या घड्याळातच येईल, कारण तिथे ते लपवायची लाज कोणाला वाटत नाही.

---

चावीवाला_चंदू

माझं मत उलटं आहे, आणि कोणाला दुखवायचं म्हणून नाही लिहीत.

चावीचं घड्याळ मी उघडून भाच्याला दाखवलं, सहा वर्षांचा आहे, त्याला समजलं. ही स्प्रिंग, ही सुटते, हे चक्र फिरतं, हा लिव्हर अडवतो आणि सोडतो, तोच टिकटिक. क्वार्ट्झ उघडून त्याला काय दाखवू, एक काळा ठिपका? अचूक हवं तर खिशात फोन आहेच. लाखो रुपये मी अचूकतेला देत नाही, माणसाच्या हाताला देतो, आणि तो हात मला दिसला पाहिजे. स्विस कंपन्या परत जाणार नाहीत असं मला वाटतं आणि त्याचं कारण धंद्यापेक्षा खोल आहे. १९७० च्या सुमाराला तिकडे घड्याळाच्या कामात नव्वद हजार माणसं होती, ऐंशीचं दशक संपेपर्यंत तीस हजारांच्या आसपास उरली. गावंच्या गावं रिकामी झाली. त्या आठवणीवर त्यांनी सगळं पुन्हा उभं केलंय, ते कशाला हात लावतील.

---

भिंग_आणि_चिमटा

चंदूभाऊ, हाताचं म्हणता ते पटलं. पण नाइन-एफसुद्धा जपानात शिओजिरीला माणसंच हाताने जुळवतात, आणि रोलेक्सचं ऑयस्टरक्वार्ट्झ कधी उघडलेलं बघा. एकदाच आलं होतं माझ्याकडे, मी तास न् तास बघत बसलो होतो. मोटर एक लिव्हर हलवते आणि तो लिव्हर चक्र ढकलतो, म्हणजे चावीच्या घड्याळासारखीच रचना. अकरा ज्वेल (चक्रांच्या टोकांना आधार देणारे खडे), पूल, म्हणजे चक्रं धरणाऱ्या पट्ट्या, घासून त्यावर नक्षीचे पट्टे काढलेले. म्हणूनच त्याचा आवाज एवढा ठणठणीत, रात्री टेबलावर ठेवलं तर पलंगावर ऐकू येतं. भाच्याला ते नक्की दाखवता येईल.

---

निगाता_डायरी

जपानात आहे नऊ वर्षं, नाइन-एफ वापरतोय पाच वर्षं, म्हणून लिहितोय. मी नवीन वर्षाच्या रात्री टीव्हीवर लावून वेळ जुळवतो, घरातला रिवाजच झालाय तो, मुलगी मोठ्याने सेकंद मोजते. पहिल्या वर्षी तीन सेकंद पुढे होतं, दुसऱ्या वर्षी आणखी दोन, मग सर्व्हिसला दिल्यावर त्यांनी आतल्या बारीक स्विचवरून गती जुळवून दिली आणि आता वर्षाला एक-दीड सेकंदाच्या आत आहे. इथे थंडीत उणे तापमान, मी ते बाहेर घालून फिरतो, बर्फ काढतो. सेल तीन वर्षांनी बदलावा लागतो.

मालक म्हणून एक सांगतो जे कुठे वाचायला मिळत नाही. ऑटोमॅटिक माझ्याकडे आहे, त्याला मी आठवड्याला बघतो की किती चुकलं. ह्याला बघत नाही. ते शुक्रवारी काढून ठेवायचं आणि सोमवारी उचलायचं, वेळ आहे तीच. ह्या विश्वासाची सवय लागली ना की मग ते हातातच जातं, दुसरं जात नाही.

---

बत्तीसहजार

आलो परत. आता अंदाज.

भिंगवाल्या दादांनी ऑयस्टरक्वार्ट्झबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं. १९७७ ते २००१ एवढी वर्षं बनवलं त्यांनी, आणि एकूण पंचवीस हजारांच्या आसपासच बनली असं सांगतात, रोलेक्सच्या मानाने हे काहीच नाही. म्हणजे त्यांच्यासाठी तो धंदा नव्हताच, आपण हेही करू शकतो एवढंच दाखवायचं होतं. दाखवून झालं, थांबले. म्हणून मला नाही वाटत रोलेक्स सेलचं क्वार्ट्झ परत काढेल.

पण त्याच १९७७ मध्ये सेकोचे एक इंजिनियर, योशिकाझू आकाहाने, वेगळंच काही डोक्यात घेऊन बसले होते. चावीची स्प्रिंगच घड्याळ चालवेल, सेल नकोच, फक्त वेग सांभाळायचं काम स्फटिकाकडे द्यायचं. म्हणजे शेवटचं चक्र मोकळं फिरतं, सेकंदाला बरोबर आठ वेळा, त्यातूनच चिमूटभर वीज तयार होते, ती वीज स्फटिकाला जागं ठेवते, आणि चक्र पुढे पळायला लागलं की चुंबकाने हलकाच ब्रेक लागतो. हे प्रत्यक्षात यायला १९९९ उजाडलं, आकाहाने त्याच्या आदल्या वर्षीच गेले. तेच स्प्रिंग ड्राइव्ह. सेकंदकाटा टिकटिक करत नाही, पाण्यासारखा वाहतो. आणि २०२५ मध्ये त्याचं जे नवीन मशीन आलं ते वर्षाला वीस सेकंदांत आहे, सेल नसताना! स्विस बाजूला पियाजेने २०१६ मध्ये याच वाटेचं एक मशीन केलं होतं, ११८ नगच. म्हणजे तिकडे कोणाला येत नाही असं नाही.

तर पावणेसात, तुमचा अंदाज मला पटतो. पुढचं मोठं स्विस क्वार्ट्झ असं असेल, चावी द्यायची, स्प्रिंग चालवेल, स्फटिक लगाम धरेल, आणि जाहिरातीत क्वार्ट्झ हा शब्द कुठे येणारही नाही. याने चंदूंच्या भाच्याला दाखवायला चक्रंही राहतील. दादांच्या सर्किटचा प्रश्न मात्र तसाच राहतो, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरी वाट पातळपणाची. १९७९ मध्ये कॉनकॉर्ड डेलिरियम नावाचं सोन्याचं घड्याळ आलं, सबंध जाडी १.९८ मिलिमीटर, केसची पाठ हीच मशीनची पाटी. तीच युक्ती पुढे प्लॅस्टिकमध्ये वापरून १९८३ मध्ये स्वॉच झालं, फक्त ५१ भागांचं. आपल्याकडे टायटनने २००२ मध्ये एज काढलं, मशीन १.१५ मिलिमीटर, होसूरला बनवलेलं, आणि मला आजही ते आपण केलेल्या सगळ्यात सुंदर यंत्रांपैकी एक वाटतं. लोक त्याला भेटवस्तूचं घड्याळ समजतात, उघडून बघत नाहीत. एखाद्या बड्या घराण्याने ही वाट परत धरली तर मी पहिला रांगेत असेन.

---

पावणेसात

सगळ्यांचे मनापासून आभार, आभाताई तुमचा मुद्दा तर मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, ती म्हणाली हे तुला दुकानात दिसलं कसं नाही. खरंच दिसलं नाही.

नाइन-एफच घेतोय. चंदूभाऊ, वडिलांचं जनता रविवारी घालेन, चावी देऊन. निगाताकर, नवीन वर्षाची वेळ जुळवायची पद्धत आमच्याकडेही सुरू करतो.

दादा, एक शेवटचं विचारतो, बायकोचं जुनं एक सोन्याचं क्वार्ट्झ लॉकरमध्ये आहे, बारा-तेरा वर्षं बंद, सेल आतच असणार. काय करू?

---

भिंग_आणि_चिमटा

उद्याच काढा. लॉकरमधून सरळ घड्याळजीकडे, घरी सुरीने पाठ उघडू नका, रबराची रिंग कापली जाते. सेल काढून ठेवायला सांगा, नवीन लगेच घालू नका. आत पांढरं-हिरवं काही धरलेलं दिसलं तर पुसू नका, तसंच दाखवा. सेलला टेकणाऱ्या पत्र्याच्या पानाला लागलं असेल पण सर्किटच्या तारेला नसेल तर वाचतं. आतल्या मशीनवर कोरलेला नंबर फोटो काढून इथे टाका, माझ्याकडे जुन्या मशीनचा एक डबा आहे, त्यात त्या जातीचं काही सापडतंय का बघतो.